ठोका आणि टिचकी

३ मार्च

प्रिय आत्या,

आधी वाईट बातमी देते, मग त्याहून वाईट. बाबांनी वर्कशॉपच्या मागची खोली रंगवून घेतली आहे. पडदेसुद्धा लावलेत, निळे, आणि ते त्यांनी स्वतः दुकानात जाऊन आणले. ज्या माणसाने जन्मात पाण्याचे पंप आणि त्यांचे सुटे भाग सोडून काही विकत घेतलं नाही तो पडदे आणतो, म्हणजे प्रकरण कुठवर गेलंय ते तुला कळेल. तू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पडलीस आणि मनगट मुरगळून घेतलंस, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच भुंगा आहे. तू तुझ्या दोन खोल्या सोडायच्या आणि आमच्याकडे यायचं. घरमालकाला खोल्या हव्याच आहेत. एप्रिलअखेर काय ते सांगा, असं त्यानेही कळवलंय म्हणे.

आता त्याहून वाईट. काल जेवताना मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, आत्याचं डोकं आपल्या दोघांपेक्षा ताजं आहे.

"डोक्याचं कोण बोलतंय?" बाबा म्हणाले. "मी डोळ्यांचं बोलतोय. तिला पायरी दिसली नाही."

"जिने सारा जन्म छापखान्यात प्रुफं तपासली तिच्या डोळ्यांबद्दल तुम्ही बोलताय?"

"मग तपासू दे ना! ते तुमचं टिंबावर टिंब असतं आणि टिंबाखाली शेपूट असतं, ज्यावरून तुम्ही दोघी माझं डोकं खाता. ते तिला वेगळं ओळखता आलं, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही आलं, तर ती इकडे येणार."

आणि माझ्या तोंडून "लागली पैज" निघून गेलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आत्या, मला माफ कर, पण तुझ्या डोळ्यांची मला खात्रीच आहे.

तर सोबत छपाईच्या पानांचा एक फॉर्म पाठवते आहे. आमच्या प्रकाशनाचं 'घरातल्या वस्तूंची दुरुस्ती' असं पुस्तक यायचंय, त्याची ही पानं. काही ठिकाणी मी अर्धविराम आणि अपूर्णविराम यांची मुद्दाम अदलाबदल केली आहे. बरोबर प्रत बाबांनी कपाटात कुलपात ठेवली आहे, जणू मी रात्रीतून पळवणार आहे. खरं सांगू का? अदलाबदल करताना माझीच दोनदा फसगत झाली. नियम पाठ आहे, पण हात अडतो. तेवढं एकदा समजावून सांगशील?

तुझी,
टिचकी


८ मार्च

प्रिय टिचकी,

तुझ्या बाबांना सांग, पैज मंजूर. आणि पडदे आताच परत करून या म्हणावं, दुकानदार अजून घेईल.

त्या पायरीचं म्हणशील, तर ती बाकीच्यांपेक्षा बुटकी आहे. गवंड्याची चूक आहे, माझी नाही. ओळी जरा चढणीला लागल्यासारख्या दिसतील तुला, तो मनगटाचा दोष. चष्मा नवा केला आहे, काळजी नसावी.

मला हलवायला निघालाय! धाकट्याला मी लहानाचा मोठा केला, त्याच्या नाकाला रुमाल लावला, आणि आता तो माझ्या खोलीचा रंग ठरवणार. इथे माझं प्रुफांचं टेबल आहे. छापखाना बंद झाला तेव्हा सगळ्यांनी शेवटचा पगार घेतला, मी वर हे टेबलही मागून घेतलं. चार माणसांनी दार काढून आत आणलं ते. ते इथून हलणार नाही आणि मीही हलणार नाही.

आता तुझा प्रश्न. नियम पाठ करून काही होत नाही. तुझ्याच पुस्तकातलं वाक्य घे.

केटली तापत नाही: आतली तार तुटली आहे.

केटली तापत नाही; आतली तार तुटली आहे.

पहिल्यात बिघाड एकच. का तापत नाही, ते पुढचं वाक्य सांगतं. अपूर्णविराम आला की मागच्या वाक्याने काहीतरी कबूल केलेलं असतं आणि पुढच्याने ते फेडायचं असतं. दुसऱ्यात मात्र दोन गोष्टी आहेत. तापत नाही हीही तक्रार आहे, तार तुटली हीही आहे. ती जोडून केटली तापेलच असं कुणी म्हटलेलं नाही. अर्धविरामाच्या अलीकडचं वाक्य पूर्ण असतं आणि पलीकडचंही पूर्ण असतं. दोन सख्खे शेजारी, चुली वेगळ्या. कुणी कुणाच्या दारात उभं नाही. माणसं सगळ्यात जास्त घोळ इथेच घालतात, आणि फक्त पुस्तकात नाही.

हे आम्ही कानाने शिकलो. छापखान्यात प्रुफं जोडीने वाचायची पद्धत होती. एकजण मोठ्याने वाचायची, दुसरी मूळ प्रत धरून बसायची. दर खुणेला तिचं नाव घेत बसलं तर जीभ दुखेल, म्हणून टेबलावर वाजवायचं. पूर्णविरामाला बोटाच्या पेराचा ठोका. स्वल्पविरामाला नखाची टिचकी. अपूर्णविरामाला दोन ठोके, कारण टिंबं दोन. अर्धविरामाला आधी ठोका, मग टिचकी, कारण वर टिंब आणि खाली शेपूट. सगळा हॉल दिवसभर वाजत असायचा. तू टेबलाखाली बसून खालून टिचक्या मारायचीस आणि आमची पानंच्या पानं चुकवायचीस, म्हणून तुझं नाव टिचकी पडलं. विसरलीस?

पानं मिळाली. बघतेच.

तुझी आत्या


१९ मार्च

टिचकी,

फॉर्म परत पाठवते आहे. तपासून झाला. तू केलेल्या सगळ्या चोऱ्या पकडल्या आहेत, वर तुमच्या लेखकाच्या स्वतःच्या दोन आहेत त्याही. इस्त्रीच्या प्रकरणात "सावधान" नंतर अर्धविराम तुझा की त्याचा? कुणाचाही असो, लाज वाटली पाहिजे. माणूस सावधान म्हणून ओरडला की पुढे काय ते ऐकायला आपण थांबतो की नाही? तिथे दोनच टिंबं हवीत.

धाकट्याला म्हणावं, आता तोंड बंद.

आत्या


२४ मार्च

प्रिय आत्या,

सगळ्या! एकही सुटली नाही. बाबांनी कपाटातली प्रत काढली, चष्मा पुसला, बोट ठेवून ठेवून ताडून पाहिलं. शेवटच्या पानापर्यंत त्यांचा चेहरा असा झाला होता, की मला आनंदाने नाचावंसं वाटत होतं आणि थोडी दयाही येत होती. मग पानं तिथेच टाकून ते वर्कशॉपमध्ये गेले. हरले, आत्या! मी शेजारच्यांना ऐकू जाईल एवढ्याने ओरडले.

आणि मग मी ती पानं ऑफिसला न्यायला गोळा केली, आणि गोळा करता करता खाली बसले.

केटलीचं चित्र उलटं छापलंय. झाकण खाली, बूड वर. हा खोडसाळपणा माझा नव्हे, आमच्या ऑफिसातलीच चूक आहे, आणि पाठवताना माझ्याही लक्षात आली नव्हती. चित्र अर्धं पान व्यापून बसलंय. त्याच पानावर तू एक अर्धविराम पकडलास, डाळीएवढा. आणि केटली तशीच सोडलीस. तू! जिने माझ्या वाढदिवसाच्या कार्डावरचं वाकडं फूलसुद्धा पेन्सिलीने सरळ केलं होतं.

मग मी समासातल्या खुणा नीट पाहिल्या. त्या तुझ्या नाहीत. तुझी दुरुस्तीची खूण गोल असते. या फुल्या आहेत, सरळ, टोकदार, कापडावर खडूने मारतात तशा.

आत्या, खरं सांग. मी बाबांना काही बोलले नाही आणि बोलणारही नाही. पण मला खरं सांग.

तुझी टिचकी


२८ मार्च

टिचकी,

तुझं पत्र शिवणवालीने वाचून दाखवलं. "कापडावर खडूने मारतात तशा" इथवर आली आणि इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. ही माझ्या खालच्या मजल्यावर राहते, बायकांचे कपडे शिवते. तुझं मागचं पत्रही तिनेच वाचलं होतं, त्यामुळे तुझ्या बाबांच्या पडद्यांचा रंग तिला ठाऊक आहे. तिचं म्हणणं, निळा लवकर विटतो.

तर आता ऐक. मला मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. खिडकी दिसते, टेबल दिसतं, दारात माणूस उभा असला तर माणूस आहे हे दिसतं. पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जातं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत यायचं नाही, पण काळोखही होणार नाही. पुठ्ठ्यात ओळीएवढ्या खाचा कापून त्यातून मी लिहिते. हाताला अक्षरं पाठ आहेत. मनगट केव्हाच बरं झालं. चष्म्याचं खोटं सांगितलं.

टिंबाची शेपूट दिसेनाशी झाली तो दिवस मला चांगला आठवतो. सकाळी पेपर उघडला, तर सगळे अर्धविराम अपूर्णविराम झालेले. मला वाटलं, छपाई बिघडली. रागाने पेपरवाल्यांना पत्र लिहायला बसले, आणि माझंच अक्षर मला दिसेना. त्या दिवशी मी रडले, टिचकी. भरपूर रडले. मग उठून तोंड धुतलं.

आणि आता रडत नाही, म्हणून तूही रडायचं नाहीस.

तुझा फॉर्म आला तेव्हा शिवणवालीला वर बोलावलं. तिला ठोके आणि टिचक्या शिकवल्या. तिच्या बोटात अंगुस्ताना असतो, त्यामुळे तिचा ठोका फार सुरेख वाजतो. ती एकेक खूण वाजवत वाचायची, मी ऐकायचे. खोटा ठोका आला की कान टवकारायचे. "केटली तापत नाही", ठक-ठक, आणि पुढे काही भलतंच. थांब, म्हणायचे, इथे टिचकी हवी. ती फुली मारायची. शेवटी शेवटी तीच माझ्याआधी थांबायला लागली. दुपारच्या दुपारी अशा गेल्या, आणि छापखाना सुटल्यापासून मी इतकी मजेत नव्हते.

केटली राहिली खरी. चित्राला ठोका नसतो. शिवणवालीला वाटलं, केटली धुऊन पालथी घातली आहे.

तू म्हणशील, ही फसवणूक झाली. मुळीच नाही. पैज होती दोन खुणा वेगळ्या ओळखायची. मी ओळखल्या. कुणाच्या डोळ्यांनी, ते ठरलं नव्हतं. जोडीने काम करायचा मला जन्माचा सराव आहे, तेव्हा कुणी म्हटलं नाही की हिला एकटीला जमत नाही, हिला उचलून भावाकडे नेऊन ठेवा. मी घाबरून लपवलं नाही. मला माहीत होतं, धाकट्याला हे कळलं की तो माझं काही ऐकणार नाही, नुसती काळजी करेल. काळजी करणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हीच पंचाईत असते.

मी इथेच राहणार. तुला हवं तर सांग त्याला.

आत्या


१ एप्रिल

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार.

पोरीने मला काहीच सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मी मेकॅनिक माणूस आहे, पानावर आधी चित्र बघतो, मजकूर मागाहून. केटली उलटी आहे हे मला पहिल्या मिनिटाला दिसलं. तुला दिसलं नाही. मी पोरीसमोर बोललो नाही, वर्कशॉपमध्ये जाऊन बसलो. मग तुझ्या डॉक्टरांना फोन केला. सांगत नव्हते, पण मी भाऊ आहे म्हटल्यावर सांगितलं.

ताई, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुझा. एवढी मोठी गोष्ट झाली आणि तू मला सांगितली नाहीस, याचा मला किती राग आला आहे ते मला लिहिता येत नाही. आई गेली तेव्हा तू मला पोटाशी धरलंस. आता माझी पाळी आली तर तू दार लावून घेतेस? उद्या स्टोव्हवर पदर पेटला तर? जिन्यात पुन्हा पडलीस तर? मला रात्री झोप लागत नाही.

माझा निर्णय झाला आहे: तू इकडे येणार. महिनाअखेरीस मी टेम्पो घेऊन येतो. टेबल पण आणू. दार काढावं लागलं तर काढू.

तुझा,
धाकटा


५ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र शिवणवालीने वाचलं. "निर्णय झाला आहे" नंतरचे दोन ठोके तिने इतक्या जोरात मारले की टेबलावरची कात्री उडाली.

तुला सांगितलं नाही, त्याचा तुला राग आला, तो बरोबर आहे. आता माझा राग ऐक.

तू मोटार कशी तपासतोस? दहा वर्षांचा असल्यापासून मी बघते आहे. लांब स्क्रूड्रायव्हर घेतोस, एक टोक मोटारीला लावतोस, मूठ कानाला लावतोस आणि डोळे मिटतोस. डोळे मिटतोस, धाकट्या! मग म्हणतोस, "बेअरिंग गेलंय." गिऱ्हाईक तोंडाकडे बघत राहतं. त्या वेळी कुणी तुझा हात धरून म्हणतं का, की बाबा रे, तुला डोळे मिटावे लागतात, आता धंदा बंद कर, मागच्या खोलीत पड, पडदे लावलेत?

स्टोव्ह मी केव्हाच काढला. विजेची शेगडी आहे, बटण दाबलं की टक्‌ वाजतं. पदर नाहीच, मी गाऊन घालते. जिन्याला कठडा आहे. खाली शिवणवाली आहे. तुझ्याकडे आले तर काय होईल, मला माहीत आहे. तू मला पाण्याचा पेलाही उचलू देणार नाहीस. प्रेमानेच देणार नाहीस. आणि मी वर्षभरात खरोखरीची आंधळी होईन.

टेम्पो आणू नकोस. नुसता ये. येताना तुझं ते पत्र आण. मी परत पाठवते आहे, त्यात एक चूक आहे. माझ्या टेबलाशी बसायचं, ते मला मोठ्याने वाचून दाखवायचं, ठोक्यांसकट. मग बोलू.

ताई


१४ एप्रिल

प्रिय टिचकी,

हे पत्र तुझ्या बाबांच्या अक्षरात बघून दचकू नकोस. मी सांगते आहे, तो लिहितो आहे. खुणा मी वाजवते आहे, त्यामुळे एखादी चुकली असेल तर दोष त्याच्या कानाचा.

तो शनिवारी आला. टेम्पो न आणता आला, पण खिशात मोजायची टेप होती. टेबल मोजायला. मी म्हटलं, आधी वाच. तो बसला. "ती. ताईस" पासून सुरुवात केली. ठोके त्याला आठवत होते. विसरेल कसा? लहानपणी आईच्या मागे घरी कुणी नव्हतं म्हणून मी त्याला छापखान्यात न्यायची, तो टेबलाशेजारी पाट टाकून झोपायचा आणि ठोके थांबले की जागा व्हायचा. आईच्या वाक्यापाशी त्याचा आवाज बसला.

(ताई खोटं सांगते. मला सर्दी झाली होती. – बाबा)

सर्दी झाली होती, बरं. मग आलं, "माझा निर्णय झाला आहे", ठक-ठक. मी म्हटलं, थांब. हीच चूक. दोन ठोके मारलेस म्हणजे माझं येणं हे तुझ्या निर्णयाचा तपशील झालं. माझं पूर्ण वाक्य कुठे आहे यात? त्याने विचारलं, "मग काय लिहू?" मी म्हटलं, लिही: माझा निर्णय झाला आहे, ठोका-टिचकी, ताईचा तिचा झाला आहे, ठोका.

तो म्हणाला, "यात तर काहीच ठरलं नाही."

मी म्हटलं, "सगळं ठरलं. तू तुझी काळजी कर, पोटभर कर, मी अडवणार नाही. मी माझ्या घरात राहणार. तुझं वाक्य खोडलेलं नाही मी. माझं खोडू देणार नाही."

मी बघत होते, म्हणजे कडेने बघत होते. मग टेबलावर आवाज आला. ठोका. आणि टिचकी. अगदी हलकी, पण मला ऐकू आली.

रविवारी तो लवकर उठून जिन्यात गेला. बुटक्या पायरीवर सिमेंट चढवलं, प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरा पट्टा ओढला. कडेचं दिसतं मला, पट्टे दिसतात. खिशातल्या टेपने मोजला तो जिनाच. आता दर रविवारी येऊन मला वाचून दाखवणार म्हणतो. वाचतो बरा, पण स्वल्पविराम गिळतो.

(नाही गिळत. – बाबा)

तुझ्या ऑफिसात विचार, जोडीने प्रुफं वाचणाऱ्या दोन बायका त्यांना चालतील का. शिवणवाली तयार आहे. चित्रं मात्र तुमची तुम्ही बघा. निळे पडदे तिने मागवले आहेत, त्यांचा टेबलाला अभ्रा होईल म्हणते.

आणि एप्रिल संपायची वाट न बघता घरमालकाला आज चिठ्ठी दिली. तीही धाकट्यानेच लिहिली. एकच ओळ आहे. तिच्यात मी टेबलावर दोन ठोके मारले, हात दुखेपर्यंत जोरात, आणि त्याने मान खाली घालून दोन्ही टिंबं नीट काढली.

कळवण्यास आनंद वाटतो: खोल्या सोडणार नाही.

तुझी आत्या